पेटी कुणाची, जायची कुणाकडे?

मुंबईला निघालेल्या माणसाला रिकाम्या हाताने जाऊ देणं हा रत्नागिरीत दखलपात्र गुन्हा असावा. तिकीट काढल्याची बातमी फुटली की संध्याकाळपर्यंत दारात एक आंब्याची पेटी, कुळथाच्या पिठाची पिशवी आणि सुतळीने बांधलेलं, आत काय आहे ते न सांगितलेलं एक गाठोडं येऊन पडतं. जाणारं कुणी मिळालं नाही, तर रातराणीचा ड्रायव्हर आहेच. पोस्ट आणि कुरिअर हाताशी असूनही ही हातोहात पाठवणी टिकली, याचं श्रेय कोकणी माणसाच्या परोपकाराला देण्याची पद्धत आहे. ते फार तर निम्मं खरं. ती टिकली पेटी उचलण्याआधी विचारल्या जाणाऱ्या दोन प्रश्नांवर: पेटी कुणाची, आणि जायची कुणाकडे? देणारा ओळखीचा असला की पेटी परळला जावो की पालघरला, नेली जाते. घ्यायची आपल्याच घरच्यांनी असेल, तर देणारा कुणी का असेना, तीही नेली जाते. पण देणाराही परका आणि घेणाराही परका असेल, तर सज्जनातला सज्जन माणूस "जागा नाही हो" म्हणतो आणि खिडकीची काच ओढून घेतो. (रत्नागिरीच्या चौकस स्वभावावर लिहिताना अंतू बर्व्याचं नाव घ्यावंच लागतं अशी समजूत आहे. घेतलं. पुढे जाऊ.)

मेल सर्व्हर म्हणजे ईमेल घेऊन पुढे पोचवणारं यंत्र, आणि त्याने पाळायचा नियम अक्षरशः हाच आहे. पत्र देणारा आपला असेल तर ते जगात कुठेही पोचवावं. पत्र आपल्या माणसासाठी असेल तर जगातल्या कुणाकडूनही घ्यावं. दोन्ही बाजू परक्या असतील तर हात जोडावेत. हे न पाळता, येईल त्याचं पत्र जाईल तिकडे नेऊन देणाऱ्या सर्व्हरला ओपन रिले म्हणतात, आणि जाहिरातींचे गठ्ठे पाठवणाऱ्या स्पॅमवाल्यांचा सगळ्यात जास्त जीव कशावर असेल तर तो अशा सर्व्हरवर. माझं म्हणणं एवढंच, की रत्नागिरीतल्या कुठल्याही आजीबाईंना जे उपजत कळत होतं ते कॅलिफोर्नियातल्या संगणकतज्ज्ञांच्या गळी उतरायला सोळा वर्षं लागली, आणि "तुम्ही कुणापैकी?" या ज्या प्रश्नाला आपण भोचकपणा म्हणून नाकं मुरडतो, त्याच प्रश्नावर ईमेलची अब्रू उभी आहे.

ते सोळा वर्षांचं गणित असं. १९८२ च्या ऑगस्टमध्ये जॉन पोस्टेल यांनी ईमेल पोचवण्याचे नियम लिहून प्रसिद्ध केले. एसएमटीपी या नावाने ते, थोड्याफार डागडुजीनंतर, आजही चालतात. दोन यंत्रांनी एकमेकांशी काय आणि कुठल्या क्रमाने बोलायचं ते त्यात ठरवून दिलं आहे, आणि ते बोलणं इतकं शालीन आहे की वाचताना संकोच वाटतो. पाहुणं यंत्र येतं, 'हेलो' म्हणून आपलं नाव सांगतं. यजमान म्हणतो २५०, म्हणजे ठीक. पाहुणा 'मेल फ्रॉम' म्हणून पाठवणाऱ्याचा पत्ता सांगतो, २५०. 'आरसीपीटी टू' म्हणून घेणाऱ्याचा पत्ता सांगतो, २५०. मग तो 'डेटा' म्हणतो, त्यावर यजमान ३५४ देतो, म्हणजे सांगा आता सावकाश. पाहुणा सगळं पत्र म्हणून दाखवतो आणि शेवटी एका वेगळ्या ओळीवर फक्त एक टिंब देतो. त्या टिंबाबरोबर यजमान शेवटचं २५० म्हणतो आणि पत्र पोचवायची जबाबदारी आपल्या डोक्यावर घेतो. एवढ्या बोलण्यात पाहुण्याने सांगितलेलं नाव खरं की खोटं, हे कुणी विचारत नाही. 'मेल फ्रॉम'पुढे थिबा राजाचा पत्ता दिला असता तरी उत्तर २५० च आलं असतं. राजा १९१६ साली रत्नागिरीतच वारला, ही अडचण यंत्राच्या ध्यानात येण्यासारखी नव्हती.

आणि खरी मेख 'आरसीपीटी टू'मध्ये आहे. ती ओळ पाहुणा पुन्हा पुन्हा म्हणू शकतो. एका पत्राचे निदान शंभर घेणारे तरी यजमानाला लिहून घेता आले पाहिजेत, असं पोस्टेल यांच्याच नियमांत आहे. पत्र मात्र एकदाच द्यायचं. म्हणजे स्पॅमवाल्याने एक पेटी आणि शंभर पत्त्यांचा कागद आपल्या हातात ठेवायचा, निघून जायचं, आणि त्या एका पेटीच्या शंभर पेट्या करून दारोदार हिंडायचं ते आपल्या सर्व्हरने. आपल्या विजेवर आणि आपण बिल भरत असलेल्या लाइनवर. ज्या घरी पेटी घेतली नाही तिथून ती परत जाते 'मेल फ्रॉम'मध्ये लिहिलेल्या पत्त्यावर, म्हणजे या सगळ्याशी सुतराम संबंध नसलेल्या कुणा तिसऱ्याकडे. आणि शिव्या देताना लोक बघतात ते पेटी कुणी आणून दिली हे. ती आणून दिलेली असते आपण.

यावरून पोस्टेल यांना भोळे म्हणणं मात्र अन्यायाचं होईल. त्या काळी दुसऱ्याचं पत्र पुढे नेणं हा गाढवपणा नव्हता, गरज होती. आपल्याकडचंच बघा. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात एर्नेट हे शिक्षणसंस्थांचं जाळं सुरू झालं, तेव्हा जुहूची नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी ही संस्था देशातल्या मोजक्या शिक्षणसंस्थांचं ईमेल गोळा करून परदेशी पोचवत असे. फोन लावायचा, साठलेली पत्रं पलीकडे ओतायची, आलेली उचलायची, पुढच्याला फोन लावायचा. जुहूने "आम्ही परक्यांची पत्रं नेत नाही" असा बाणा धरला असता तर देशाचं ईमेल जुहूच्या चौपाटीवरच राहिलं असतं. पण नीट पाहिलं तर तिथे परकं कुणी नव्हतंच. कुठली संस्था, कुठला विभाग, यंत्राशी कोण बसतं, हे सगळ्यांना ठाऊक होतं. दोन प्रश्न विचारले जात नव्हते कारण दोन्हींची उत्तरं आधीच माहीत होती. दार उघडं होतं ते तत्त्व म्हणून नव्हे. आळीतली सगळी माणसं ओळखीची होती म्हणून.

ओळखीचा हा जोर किती, ते दोन जाहिरातींच्या नशिबावरून कळतं. १९७८ च्या मे महिन्यात डिजिटल इक्विपमेंट कंपनीच्या गॅरी थर्क यांनी अमेरिकी सरकारच्या आर्पानेटवर चारशेच्या आसपास लोकांना आपल्या नव्या संगणकाची जाहिरात एका फटक्यात पाठवली. स्पॅमच्या कुळाचा मूळ पुरुष तो हाच. तक्रारी झाल्या, कानउघाडणी झाली, आणि तो प्रकार तिथेच थांबला, कारण थर्क कोण, कुठल्या कंपनीचे, त्यांच्या वरचा साहेब कोण हे तक्रार करणाऱ्यांना माहीत होतं. पुढे १९९४ च्या एप्रिलमध्ये कँटर आणि सीगल या अमेरिकेतल्या वकील जोडप्याने ग्रीन कार्डाच्या सोडतीची जाहिरात यूजनेटच्या हजारो चर्चागटांत ओतली. ते ईमेल नव्हतं, पण जात तीच. जगभरातून शिव्यांचा पाऊस पडला. जोडप्याने काय केलं? इंटरनेटवर पैसा कसा करावा याचं पुस्तक लिहिलं. तोवर जाळ्यातल्या लोकांची संख्या एवढी झाली होती की कुणी कुणाच्या काकांना जाऊन सांगू शकत नव्हतं. लाज ही ओळखीच्या माणसांतच वाटते. अनोळखी गर्दीत ती बाळगण्याचं कुणाला कारण नसतं. म्हणून गर्दी वाढली की लाजेचं काम कुणीतरी नियमाने करावं लागतं, आणि ईमेलच्या बाबतीत ते सर्व्हरवर येऊन पडलं.

सर्व्हरनी ते लगेच उचललं असं नाही. जुन्या सर्व्हरना टक्क्याच्या चिन्हाची एक युक्ती माहीत होती. पत्त्यात खऱ्या माणसाचं नाव आणि गाव टक्क्याने जोडायचं आणि शेवटी ॲटच्या चिन्हापुढे आपल्याच सर्व्हरचं नाव लिहायचं. शेवट आपल्या नावाचा दिसला की सर्व्हरला वाटे पत्र घरचंच आहे. तो ते आत घेई, टक्का सोडवी आणि परक्या गावाला धाडून मोकळा होई. टक्केवारीने अडलेली कामं होतात, हा शोध आपल्या सार्वजनिक बांधकामवाल्यांचा नव्हे, एवढाच यातला दिलासा. शेवटी १९९८ मध्ये सेंडमेल या तेव्हाच्या सर्वांत प्रचलित मेल सर्व्हरच्या ८.९ या आवृत्तीत पुढे नेण्याचं काम मुळातच बंद करून देण्यात आलं. कुणाला हवंच असेल तर त्याने मुद्दाम चालू करावं. परक्याला उत्तर मिळू लागलं ५५०: रिले नाकारला. पुढच्या वर्षी फेब्रुवारीत, आपला सर्व्हर परक्यांना वापरू न देण्याची सोय प्रत्येक मेल सर्व्हरमध्ये असलीच पाहिजे, अशी शिफारसच प्रसिद्ध झाली. नेमकी आजीबाईंची.

तरी शहाणपणाने घोटाळे करणारे असतातच. कित्येक ठिकाणी सर्व्हर सांभाळणाऱ्याने प्रश्न बरोबर घेतला, पण तो विचारला पेटीवरच्या चिठ्ठीला. पाठवणाऱ्याच्या पत्त्यात आपल्या कंपनीचं नाव असेल तर जाऊ द्या, असा नियम घातला. पेटीवर 'अस्सल रत्नागिरी हापूस' लिहिलं म्हणजे आत काय निघतं ते वाशीच्या मार्केटात उभं राहून कुणीही बघावं. हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन घ्यावं लागलं ते काय हौसेने? ईमेलचं मानांकनही तसंच मागाहून आलं: कुठल्या यंत्रांना आपल्या नावाने पत्र पाठवायचा अधिकार आहे ते जाहीर करणारं एसपीएफ, पत्रावर न पुसता येणारी मोहोर उठवणारं डीकिम, आणि या दोन्हींत नापास झालेल्या पत्राचं काय करायचं ते सांगणारं डीमार्क. २०२४ च्या फेब्रुवारीपासून जीमेलकडे दिवसाला पाच हजारांहून जास्त पत्रं पाठवणाऱ्याला ही तिन्ही सक्तीची झाली. पण हे सगळं घेणाऱ्याच्या सोयीचं. आपल्या सर्व्हरने पेटी उचलताना चिठ्ठी न वाचता माणसाचं तोंड बघायचं असतं: तो आपल्या कार्यालयातल्या यंत्रावरून बोलतोय का, किंवा बाहेरून बोलत असेल तर त्याने पासवर्ड दिलाय का. फिरतीवरच्या विक्रेत्याला चिपळुणातून पत्र पाठवायचं असतं, ही सबब सांगून कुणी दार सताड उघडं ठेवायला निघालं, तर त्या विक्रेत्यासाठी १९९८ पासून पोर्ट ५८७ नावाची वेगळी खिडकी नेमून दिलेली आहे. तिथे आधी ओळख पटवायची, मग पत्र द्यायचं.

आता आक्षेप. पहिला आपल्या गावचा आणि तोंडाला सहज येणारा: "अहो, रत्नागिरीतल्या एका पतसंस्थेच्या मागच्या खोलीत, यूपीएसच्या शेजारी ठेवलेला आमचा सर्व्हर. तो कोण शोधायला येतोय?" या आक्षेपात भूगोल आहे, पण तो जमिनीवरचा. इंटरनेटच्या जुन्या पद्धतीचे एकूण पत्ते सुमारे ४२९ कोटी. २०१३ मध्ये मिशिगन विद्यापीठातल्या संशोधकांनी झीमॅप नावाचा प्रोग्रॅम केला. तो चांगल्या लाइनवरच्या एका संगणकावरून या सगळ्या पत्त्यांची दारं पाऊण तासाच्या आत ठोठावून येतो. २०११ मध्ये चौपदरीकरणाला घेतलेल्या मुंबई-गोवा महामार्गावर पाऊण तासात सुट्टीच्या दिवशी माणगाव सुटत नाही. थोडक्यात, रत्नागिरी लांब आहे ती फक्त रत्नागिरीला येणाऱ्यांना. स्पॅमवाल्याला रत्नागिरीचं नाचणे आणि न्यूयॉर्क ही एकाच रांगेतली घरं, आणि तो निवडून कुठे जात नाही, सगळीकडेच जातो.

बरं, सापडलो तर सापडलो, आमचं काय जातं, असं म्हणणाऱ्यांसाठी काळ्या याद्या आहेत. १९९७ च्या सुमारास पॉल व्हिक्सी आणि त्यांच्या साथीदारांनी स्पॅमला हात देणाऱ्या सर्व्हरांची यादी करून ती सगळ्यांना खुली केली, पुढच्या वर्षी लंडनमध्ये स्पॅमहाउस उभं राहिलं. यादीत नाव चढलं की जगातले सर्व्हर तुमच्या पत्राला 'हेलो'पासूनच कान बंद करतात, मग ते पत्र जाहिरातीचं असो वा खरं. यादीला आंब्याचा हंगाम कळत नाही. एप्रिलच्या मध्यावर दुबईच्या व्यापाऱ्याला पाठवलेलं बिल ५५४ चा शेरा घेऊन परत येतं, मालक सर्व्हरवाल्याला फोन करतो, सर्व्हरवाला "तुमचंच इंटरनेट स्लो असेल" म्हणतो, आणि इकडे पेट्यांमधला आंबा पिकायचा थांबत नाही. यादीतून नाव काढायला अर्ज करावा लागतो, आणि त्याआधी भोक बुजवावं लागतं. ते कुठे आहे हे आधी कळावं लागतं. हे एकट्यादुकट्याचं दुखणं म्हणून सोडता येत नाही. २०१२ च्या पहिल्या तिमाहीत सोफॉस कंपनीने स्पॅम पुढे ढकलणाऱ्या देशांची क्रमवारी लावली, तीत भारत पहिला आणि अमेरिका दुसरी आली. ऑलिंपिकच्या वर्षात पहिला क्रमांक आपल्याला मिळाला तो हा. त्यातली बहुतेक यंत्रं व्हायरस शिरलेले साधे घरगुती आणि कचेऱ्यांतले संगणक होते, आणि आपण जगाचे हमाल झालो आहोत याची त्यांच्या मालकांना गंधवार्ताही नव्हती.

दुसरा आक्षेप वजनदार आहे, कारण तो जॉन गिलमोर यांचा आहे. इंटरनेटवरच्या नागरी स्वातंत्र्यासाठी झगडणाऱ्या इलेक्ट्रॉनिक फ्रंटिअर फाउंडेशनच्या संस्थापकांपैकी ते एक. त्यांनी आपला टोड डॉट कॉम हा सर्व्हर हट्टाने सगळ्यांसाठी खुला ठेवला, आणि २००१ मध्ये इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीने त्यावर हरकत घेतली तेव्हा त्यांनी तिला सरळ सेन्सॉरशिप म्हटलं. प्रवासी, गांजलेला, सरकारच्या नजरेखालचा माणूस अशा खुल्या दारातूनच पत्र पाठवू शकेल, हा त्यांचा मुद्दा टाकाऊ नाही. पण तो दुसऱ्याच दाराला लागू होतो. पत्र आमच्या माणसासाठी असेल तर आम्ही ते कुणाकडूनही घेतोच. अनोळखी म्हणून तिथे कुणाला हाकलत नाही. नकार आहे तो आमच्या खांद्यावरून तिसऱ्याच्या घरी जाण्याला. बोलायचं स्वातंत्र्य म्हणजे दुसऱ्याच्या गाडीतून फुकट फिरायचा हक्क नव्हे. शिवाय या औदार्याचं बिल उदार माणूस भरतच नाही. ते भरतात पत्रांखाली गाडली गेलेली शंभर घरं. गिलमोर यांनी आपल्या दारातून किती पत्रं जावीत याला चाप लावला होता म्हणतात. म्हणजे दोन प्रश्न त्यांनी टाळले, तरी "किती?" हा तिसरा त्यांना विचारावाच लागला.

कायदा काय करतो, असं कुणी विचारेल. फोन आणि एसएमएसवरच्या जाहिरातींसाठी ट्रायचे २०१० आणि २०१८ चे नियम आहेत. ईमेलच्या स्पॅमसाठी आपल्याकडे वेगळा कायदा नाही. त्रास देण्यासाठी किंवा मूळ ठिकाणाबद्दल फसवण्यासाठी पाठवलेलं ईमेल माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६६ अ कलमात येत होतं खरं, पण ते कलम गाजलं ते २०१२ मध्ये पालघरच्या दोन तरुणींना फेसबुकवरच्या मजकुरावरून अटक झाली तेव्हा, आणि २४ मार्च २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते रद्द केलं. रद्द केलं ते बरंच झालं. कुणाला कशाचा त्रास होतो हे ठरवायचं काम पोलीस चौकीपेक्षा सर्व्हरकडे असलेलं परवडतं. तो फार तर ५५० म्हणतो, जामीन मागत नाही.

मग एवढं करून स्पॅम थांबला का? नाही. बिल गेट्स यांनी २००४ च्या जानेवारीत दावोसला सांगितलं होतं की दोन वर्षांत हा प्रश्न सुटेल. ती दोन वर्षं अजून चालू आहेत. ओपन रिले मिटत गेले तसे स्पॅमवाले व्हायरसने ताब्यात घेतलेल्या संगणकांकडे वळले. पण यातूनच दार बंद करण्याचा उपयोग दिसतो. फुकटचा हमाल मिळेनासा झाल्यावर त्यांना स्वतःची फौज उभारावी लागली, आणि फौजेला कुठेतरी छावणी लागते. २००८ च्या नोव्हेंबरात सॅन होजेच्या मॅककोलो या एका कंपनीची इंटरनेटची जोडणी तोडली, तर जगातला स्पॅम एका दिवसात निम्म्याहून खाली आला. काही महिन्यांनी तो परत चढला हे खरं. पण एका कंपनीची वायर काढून एवढा फरक पडतो, हे ज्या काळी जगातला प्रत्येक सर्व्हर हमाली करत होता त्या काळी शक्यच नव्हतं. २००३ साली एव्हन हॅरिस यांनी ग्रेलिस्टिंग सुचवलं, तेही स्पॅमवाल्याच्या घाईवर बेतलेलं. अनोळखी पाहुणा पहिल्यांदा आला की त्याला ४५१ सांगायचं, म्हणजे आत्ता नाही, थोड्या वेळाने या. खरा सर्व्हर थोड्या वेळाने येतो. स्पॅमवाल्याला वाट बघायला सवड नसते. जगाने याला नवा शोध म्हटलं, याचं आपल्या तहसील कचेऱ्यांना नवल वाटलं असणार.

एवढं सगळं पटलेल्या कार्यालयातही दार पुन्हा उघडतं, आणि बहुतेक वेळा ते झेरॉक्स मशीनसाठी उघडतं. मशीन जुनं, कागद स्कॅन करून ईमेलने पाठवणारं, पण त्याला पासवर्ड देता येत नाही. दुरुस्तीला आलेला पोरगा वैतागतो आणि सर्व्हरच्या विश्वासातल्या यंत्रांच्या यादीत चार शून्यांचा पत्ता टाकतो, ज्याचा अर्थ अख्खं इंटरनेट असा होतो. मशीन चालू होतं, पोरगा चहा पिऊन जातो, पाऊण तासात बाकीचं जग आत येतं. यादीत त्या एका मशीनचा एकच पत्ता घालायला दोन मिनिटं जास्त लागली असती. याहून अवघड प्रकरण साहेबांचं. आपल्या लोकांनी बाहेर पाठवायच्या पत्रांनाही तासाला काही मर्यादा असावी, असं सर्व्हरवाला सुचवतो, कारण चोरलेल्या पासवर्डने आत आलेला स्पॅमवाला सर्व्हरला घरचाच माणूस वाटतो, आणि त्याला ओळखू येतो तो फक्त पत्रांच्या संख्येवरून. "म्हणजे मलाही मर्यादा?" साहेब विचारतात. सर्व्हरवाला मान खाली घालून हो म्हणतो. त्याला कारण सांगता येत नाही. साहेबांचा पासवर्ड एमएच ०८ ने सुरू होतो आणि तो त्यांच्या गाडीच्या पुढे आणि मागे, दोन्हीकडे लिहिलेला आहे.